बाबांना ऐकू येत नाही. 'मिशन इम्पॉसिबल'चा कुठला भाग आधी लावू?

सर्जेकोटवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न सिनेमाचाच आहे, पण आधी घरची परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर उत्तर चुकीचं मिळेल.

माझे बाबा ७२ वर्षांचे. मालवणजवळ आमचं घर. तीस वर्षांहून जास्त काळ ते मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. सहा सिलिंडरचं इंजिन पायाखाली, दिवसरात्र धडधड. त्यात कान गेले, आधी उजवा, मग डावा. कानाचं मशीन घेऊन दिलं, पण ताटाला वाटी लागली तरी त्यात इतकं कर्कश वाजतं की ते काढून डबीत ठेवतात. देवळातल्या दहीकाल्याला, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाला, पाच वर्षं गेले नाहीत. पूर्वी पहाटे हंडी फुटेपर्यंत पहिल्या रांगेत बसायचे. आता म्हणतात, "नुसती तोंडा हलतत."

सध्या मासेमारी बंद आहे, १ जून ते ३१ जुलै. होडी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलीय आणि बाबा पडवीत फाटकी जाळी शिवत बसतात. गेल्या रविवारी पुतण्याने आत टीव्हीवर 'मिशन इम्पॉसिबल'चा सहावा भाग 'फॉलआउट' लावला होता. शेवटचं हेलिकॉप्टर आलं. खाली लोंबणाऱ्या ओझ्याच्या दोराला टॉम क्रूझ धावत जाऊन लटकतो, दोर चढत जातो, अर्ध्यावरून सटकतो आणि खाली ओझ्यावर आपटतो. मी सहज मागे बघितलं तर बाबा दारात उभे. हातात जाळं शिवायची सुई तशीच, दोरा मागे पडवीपर्यंत गेलेला. सिनेमा संपेस्तोवर हलले नाहीत. मग विचारलं, "तो दोर खंयचो? नायलॉनचो?"

टीव्हीकडे बघून बाबांनी प्रश्न विचारल्याला किती वर्षं झाली ते मला आठवत नाही. म्हणून ठरवलंय, या बंदीत त्यांना आठही भाग दाखवायचे, पण पहिला असा लावायचा की ते मधेच उठून जाणार नाहीत. उठले तर पुन्हा बसणार नाहीत, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. चौथीपर्यंत शिकलेत, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, त्यामुळे खालच्या पट्टीतली अक्षरं वाचणं जमत नाही. हिंदी समजतं, पण ऐकूच येत नाही तर डबिंगचा उपयोग काय. जे कळायचं ते चित्रातून.

आठही भाग मी एकेकदा तरी पाहिलेत. दुसरा कॉलेजात असताना कोल्हापुरात थेटरात पाहिला, बाकीचे जमतील तसे. आजवर मी त्यांची तुलना 'कुठला भारी' एवढ्यावरच करत आलो. आता बाबांच्या डोळ्यांनी आठवून बघतो तर सगळा हिशेबच बदलतो.

१९९६ चा ब्रायन डी पाल्माचा पहिला भाग मला सगळ्यात आवडतो. पण त्यात कोण कोणाला का फसवतो हे मलाच दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं. २००० चा जॉन वूचा दुसरा म्हणजे कबुतरं, मोटरसायकली आणि सुरुवातीला तो उभा कडा. मारामारी दिसायला सोपी आहे, पण तो बाबांना आवडेल असं वाटत नाही. उगाच हवेत उड्या मारलेल्या त्यांना चालत नाहीत. २००६ च्या तिसऱ्यात फिलिप सिमूर हॉफमनचा खलनायक या सगळ्या मालिकेत सर्वांत भयंकर आहे, पण त्याची सगळी भीती त्याच्या थंड बोलण्यात. बाबांना ती कशी पोचणार? २०११ चा 'घोस्ट प्रोटोकॉल', २०१५ चा 'रोग नेशन' आणि २०१८ चा 'फॉलआउट' हे तिघे मला जवळजवळ बरोबरीचे वाटतात. २०२३ च्या सातव्यात माणसं टेबलाभोवती बसून यंत्रबुद्धीबद्दल फार बोलतात. २०२५ चा आठवा पावणेतीन तासांच्या वर आहे आणि त्याचा पहिला तास नुसता जुन्या गोष्टींचा उलगडा.

तर सांगा, ऐकायला येत नसेल तर यातला कुठला भाग उभा राहतो? कोणी घरात असा प्रयोग केलाय का?

भाट्येखाडी

दादा, 'फॉलआउट'च पुन्हा पहिल्यापासून लावा. त्यातलं दुखणं खरं आहे, ते सांगायला शब्द लागत नाहीत. लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना ऑगस्ट २०१७ मध्ये टॉम क्रूझचा घोटा खरोखर मोडला. शूटिंग काही आठवडे थांबलं आणि तोच शॉट सिनेमात ठेवलाय. भिंतीवर आपटून तो वर चढतो आणि लंगडत पुढे जातो, ते लंगडणं अभिनय नाही. तुमच्या वडिलांनी बोटीवर माणसं जायबंदी झालेली बघितली असतील. त्यांना ते एका नजरेत कळेल.

विमानातून उडी मारायचं दृश्यही तसंच. एक मनासारखं मिळावं म्हणून शंभरावर उड्या मारल्या त्याने.

कुडाळच्या बाई

मी कर्णबधिर मुलांना शिकवते, एकोणीस वर्षं झाली. शाळेत दर शनिवारी आम्ही मुलांना सिनेमा दाखवतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नावर मला मनापासून लिहावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट. जन्मापासून न ऐकणारं मूल आणि म्हातारपणी कान गेलेला माणूस यांत फरक असतो. तुमच्या बाबांना आवाज आठवतात. काच फुटली की डोक्यात काच वाजते. त्यामुळे मारामारीचा, पाण्याचा, इंजिनाचा आवाज ते स्वतःच भरून घेतील. हरवतं ते फक्त बोलणं. म्हणून 'धडामधूम जास्त असेल तो भाग लावा' हा सल्ला मी देणार नाही. ज्यात कारण आणि परिणाम दोन्ही पडद्यावर दिसतात तो लावा.

न ऐकणारा प्रेक्षक चेहरा धरून चालतो. हा माणूस कोण, मघाशी कुठे होता, आता याच्या तोंडावर काय आहे. आणि या मालिकेचं सगळ्यात प्रसिद्ध शस्त्र काय, तर मुखवटा. एकाचा चेहरा सोलून आतून दुसराच निघतो. ऐकणाऱ्याला त्यात मजा येते, माझ्या मुलांचा मात्र तिथे धागाच तुटतो. दुसऱ्या भागात मुखवटे सगळ्यात जास्त अंगावर येतात. सुरुवातीलाच विमानात जो ईथन हंट, म्हणजे टॉम क्रूझचा नायक, दिसतो तो ईथन नसतोच. मोठी मुलंसुद्धा त्यानंतर अर्धा तास मला खुणेने विचारत होती, "हा खरा का?" तरी त्याच भागात शेवटी एक फार सुंदर खूण आहे. खलनायक ज्याला ईथन समजून गोळ्या घालतो त्याच्या करंगळीला पट्टी असते, आणि ती पट्टी कोणाची हे आपण आधी पाहिलेलं असतं. ती करंगळी माझ्या वर्गातल्या एका मुलीने माझ्या आधी पकडली.

तिसऱ्या भागात व्हॅटिकनमध्ये हॉफमनचा मुखवटा करतात तेव्हा त्याच्याकडून एक मजकूर मोठ्याने वाचून घेतात, कारण आवाजही चोरायचा असतो. हे ज्याला ऐकू येत नाही त्याला कसं समजावणार? मी फळ्यावर चित्र काढून बघितलं, नाही जमलं.

म्हणून माझं उत्तर, पहिल्यांदा 'घोस्ट प्रोटोकॉल' लावा. त्या भागात मुखवटे करायचं यंत्र ऐन वेळी बिघडतं आणि सगळ्यांना स्वतःच्या चेहऱ्यानेच आत जावं लागतं. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड त्याआधी ॲनिमेशनमध्ये होता, माणसं घेऊन केलेला त्याचा हा पहिलाच सिनेमा. ॲनिमेशनवाल्याला गोष्ट हालचालीतून सांगायची सवय असते, ती इथे जागोजागी दिसते. क्रेमलिनच्या बोळातला पडदा आठवा. पडद्यावर रिकाम्या बोळाचं चित्र, मागे लपून दोघं पुढे सरकतायत आणि पहारेकऱ्याला बोळ रिकामाच दिसतोय. मग आणखी माणसं येतात, यंत्राला कोणाच्या डोळ्यांप्रमाणे चित्र फिरवावं ते कळेना आणि ते थरथरायला लागतं. एक शब्द लागत नाही. आमच्या हॉलमध्ये मुलं बाकावर उभी राहिली होती.

बुर्ज खलिफावरचे ते चिकटणारे हातमोजेही तसेच. निळा दिवा म्हणजे धरून आहे, लाल म्हणजे गेला. ८२८ मीटर उंच इमारत, माणूस बाहेरून काचेवर, आणि एका हाताचा दिवा लाल होतो. यापेक्षा सोपी भाषा कोणती?

एक विनंती. सिनेमा चालू असताना मधे मधे खुणा करून समजावू नका. आमची मुलंसुद्धा चिडतात. त्यांची नजर पडद्यावरून तुमच्याकडे वळली की तेवढ्यात काहीतरी निसटतं. थांबवायचा असेल तर पूर्ण थांबवा, दिवा लावा, सांगा, मग पुढे चालू करा.

सर्जेकोटवाला

बाई, करंगळीचं वाचून मी तो भाग काढून पुन्हा बघितला. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि शेवटची विनंती माझ्यासाठीच होती, मी तेच करणार होतो. आमच्याकडे पाऊस धरला की वीज जाते, त्यामुळे थांबायची पाळी आपोआप येईलच.

ओएचई चिपळूण

मी रेल्वेच्या वरच्या तारांचं काम करतो. आगगाडीची दृश्यं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून पहिल्या आणि सातव्या भागाबद्दल तेवढंच बोलतो.

पहिल्या भागाच्या शेवटी इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यात हेलिकॉप्टर शिरतं. गाडी आहे फ्रेंच टीजीव्ही, म्हणजे विजेवर चालणारी, २५,००० व्होल्टची. आणि सिनेमात वर तारच नाही! टपावर माणूस उभा राहतो, लोळतो, मारामारी करतो. आपल्याकडे कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून गावागावांत पोरांना हेच सांगत फिरतोय की तारेला हात लावायची गरज नसते, जवळ गेलात तरी पुरे. हे दृश्य लहानांबरोबर बघणार असाल तर पुतण्याला तेवढं जरूर सांगा. मी हे मनापासून सांगतोय, असे अपघात मी बघितलेत.

तरी दृश्य म्हणून मला ते आवडतं, कारण त्यातला वारा खरा वाटतो. स्टुडिओत प्रचंड वारा फेकणारं यंत्र लावून ते केलंय, चेहऱ्याची कातडी मागे ओढली जाते. साडेसहा किलोमीटरच्या करबुड्याच्या बोगद्यात गाडी शिरते तेव्हा दारात उभं राहिल्यावर जो हवेचा दाब छातीवर येतो, तो त्या पडद्यावर आहे. आणि तुमच्या बाबांच्या दृष्टीने बघा, तिथेही दोरच आहे. हेलिकॉप्टरचा दोर ईथन गाडीला अडकवतो, म्हणून ते मागून फरफटत आत येतं.

सातव्यात पूल तुटतो आणि डबे एकेक करून दरीत जातात. त्यासाठी एक इंजिन खरंखुरं बांधून इंग्लंडमधल्या डर्बिशरच्या खाणीत ढकललं होतं. स्वयंपाकघराचा डबा उभा लोंबतोय, उकळतं तेल वरून येतंय, पुढच्या डब्यात डोक्यावर पियानो. तो एवढा तुकडा वेगळा काढून दाखवलात तरी चालेल. बाकीच्या बोलाचालीत त्यांना बसवू नका.

खोल पाणी

तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेतो. पावसाळ्यात आमचंही काम बंद, म्हणून वेळ आहे.

कोणी पाण्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. पाण्याखाली आम्ही सगळेच बहिरे आणि मुके. फक्त स्वतःच्या बुडबुड्यांचा आवाज आणि हाताच्या खुणा. त्यामुळे पाण्यातली दृश्यं तांडेलकाकांना आपल्याइतकीच कळतील, कणभर कमी नाही. मालिकेत अशी दोन मोठी आहेत.

'रोग नेशन'मध्ये धातू चालत नाही म्हणून प्राणवायूची टाकी न घेता ईथन पाण्याच्या प्रचंड हौदात उडी मारतो. गोल फिरणारा तो प्रचंड हात, हातातलं कार्ड, मनगटावर उरलेला श्वास. टॉम क्रूझने यासाठी सहा मिनिटं श्वास रोखण्याचा सराव केला होता. मी अकरा वर्षं पाण्यात आहे आणि माझी मजल सव्वादोन मिनिटांची. श्वास संपत येतो तेव्हा आधी पोटात गचके बसतात, मग डोळ्यांसमोरची कड काळी होत जाते. त्याच्या मानेच्या शिरांकडे बघा. ज्याने कधी एकदा तरी पाण्यात घाबरून वर बघितलंय त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

आठव्या भागातली बुडालेली पाणबुडी मला त्याहून सरस वाटते, आणि या मतावर माझी नेहमी भांडणं होतात. बेरिंग समुद्राच्या तळाशी ती आडवी पडलीय. आत पाणी भरेल तशी ती कलते, मग गडगडायला लागते, आणि आतल्या माणसाची जमीन भिंत होते, भिंत छत. वरून टॉर्पेडो घरंगळत येतात. शेवटी अरुंद नळीतून निघण्यासाठी तो पोशाख काढून टाकतो आणि त्या बर्फाच्या पाण्यात उघड्या अंगाने वर निघतो. इतक्या खोलातून असं वर येणं म्हणजे रक्तात विरलेला नायट्रोजन फेसासारखा सुटणं, आमच्यात याला सगळे घाबरतात. म्हणूनच वर बर्फावर त्याला दाबाच्या तंबूत घालतात. बोलणं जवळजवळ नाही.

तुमच्या बाबांना होडी कलण्याचं भान माझ्यापेक्षा जास्त असेल. मला त्यांचं मत ऐकायला आवडेल.

सर्जेकोटवाला

आज अकरा दिवसांनी लिहितोय. जे झालं ते सांगितलंच पाहिजे, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

बाईंचं ऐकून 'घोस्ट प्रोटोकॉल' लावला. बाबा जाळं घेऊनच बसले, हात चालू. क्रेमलिनच्या पडद्याला हसले. बुर्जवर हातमोज्याचा दिवा लाल झाला तेव्हा शिवणं थांबलं. पण त्यांना खरा आवडला तो पुढचा भाग. परत खाली यायला ईथन आग विझवायचा पाइप कमरेला बांधतो, काचेवरून धावत सुटतो आणि पाइप कमी पडतो. बाबा तेव्हा जोरात म्हणाले, "आधी मोजूक नको?" ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही. शेजारचे काका छत्री घेऊन विचारायला आले, काय झालं म्हणून. मग तेही बसले.

अनिल कपूर आल्यावर बाबांनी त्याला ओळखलं आणि एवढा मोठा नट इतका थोडा वेळ का, म्हणून नाराज झाले.

दोन दिवसांनी मी १९९६ चा पहिला भाग लावला. तुमच्यापैकी कोणी तो सुचवला नव्हता. मला आवडतो म्हणून मीच हट्ट केला, आणि मनातून घाबरलो होतो.

सुरुवातीला प्रागमध्ये गाठीभेटी, फोन, कुजबुज. बाबांचे डोळे पुन्हा पुन्हा जाळ्याकडे जात होते. मत्स्यालयाची काच फुटून पाणी रस्त्यावर आलं तेवढं बघितलं. मग सीआयएची, म्हणजे अमेरिकी गुप्तहेर खात्याची, ती पांढरी खोली आली. ईथन तिथे चोरी करायला उतरतो. जमिनीवर पाऊल टेकायचं नाही, अंगाच्या उष्णतेने तापमान वाढता कामा नये, आवाज तर मुळीच नको. वरच्या झरोक्यातून एक माणूस दोराला आडवा लटकलाय आणि दुसऱ्याने तो दोर वर धरलाय.

या दृश्याला संगीत नाही. आम्ही ऐकणारे तिथे गप्प होतो, श्वाससुद्धा हळू घेतो. त्या खोलीतल्या आमच्या आणि बाबांच्या ऐकण्यात काहीच फरक उरला नव्हता. पुतण्या, वहिनी, काका, मी आणि बाबा, पाचही जणांना तेवढंच ऐकू येत होतं.

आणि बाबा ईथनकडे बघतच नव्हते. झरोक्यात दोर धरून बसलेल्या जाँ रेनोकडे बघत होते. उंदीर येतो, त्याचं लक्ष जातं, दोर सुटतो, ईथन जमिनीपासून चार बोटांवर येऊन थांबतो. बाबांच्या दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या, अंगठे आत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना धरतात तशा. चष्म्यावरून घामाचा थेंब ओघळतो आणि ईथन तो तळहातावर झेलतो, तोवर त्यांनी पापणी हलवली नाही. शेवटी सगळं पार पडतं आणि वरून सुरी निसटून खाली टेबलात घुसते. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सुरी बांधलेली नाय!" आमच्या होडीवर सुरी कमरेला दोरीने बांधूनच ठेवायची, हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकवलं होतं. मग म्हणाले, "ह्यो माणूस बरो नाय. दोर हातात असताना उंदीर बघता." पुढे तो माणूस फितूर निघतो, हे तुम्हाला माहीत आहेच.

पण मला लिहायचंय ते यापुढचं. लंडनमध्ये ईथनचा म्हातारा प्रमुख जिम फेल्प्स, जो मेला असं सगळे समजत होते, परत भेटतो आणि सांगतो की गद्दार किट्रिज आहे, म्हणजे ईथनच्या मागे लागलेला वरचा साहेब. ईथन मान डोलावतो, किट्रिजने हे कसं केलं असेल ते तोंडाने मांडत जातो, आणि पडद्यावर मात्र वेगळीच चित्रं दिसतात. त्या चित्रांत सगळं करणारा फेल्प्सच असतो. बोलणं खोटं, चित्र खरं. पुतण्या हिंदीत ऐकत होता, त्याचा गोंधळ उडाला. तो मला विचारू लागला, "काका, म्हणजे किट्रिज ना?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "ह्योच. म्हातारोच चोर." पहिल्यांदा बघताना मी फसलो होतो, पुतण्या फसला, काका फसले. खोटं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, म्हणून एकटे बाबा फसले नाहीत.

बाई, तुमची माफी मागून सांगतो, मला आता पहिलाच भाग सगळ्यांत वरचा वाटतो. 'घोस्ट प्रोटोकॉल' बाबांना समजला. या भागात त्यांना आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं.

खोल पाणी दादा, पाणबुडीबद्दल त्यांचं मत अजून आलेलं नाही, पण येईल. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बाबांनी मला हलवून विचारलं, "त्या कारकुनाचा काय झाला?" मला आधी कळेना. मग त्यांनी पोट धरून वाकून दाखवलं. त्या पांढऱ्या खोलीत काम करणारा विल्यम डोन्लो. पोटात कालवून सारखा उलटीला पळणारा, परत आल्यावर टेबलात घुसलेली सुरी बघून थिजलेला. मी पाटीवर लिहिलं, 'लांब बर्फात बदली, अलास्का.' बाबांनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाले, "तेची काय चूक?"

त्यांना बाकी कोणाचंच काही पडलेलं नव्हतं. आणि याचं उत्तर या मालिकेने दिलंय, पण तब्बल २९ वर्षांनी. आठव्या भागात तोच नट रॉल्फ सॅक्सन, तोच डोन्लो, बर्फातल्या एका दूरच्या बेटावर सापडतो. म्हातारा झालाय, लग्न केलंय, आणि ईथनला भेटल्यावर रागही धरत नाही. २०२५ मध्ये मी हा भाग पाहिला तेव्हा मला ते जुन्या प्रेक्षकांना खूश करण्यासाठी घातल्यासारखं वाटलं होतं. बाबांचा प्रश्न ऐकल्यावर मी ते मत मागे घेतो.

म्हणून मधले सगळे सोडून थेट आठवा लावायचं ठरवलंय. मधल्या कथेचं काय, हा प्रश्न आहेच, पण बाबांना मधली कथा नको आहे. त्यांना त्या कारकुनाचं काय झालं ते हवं आहे. पहिल्या तासातलं बोलणं पुढे ढकलेन, डोन्लोपाशी थांबून दिवा लावेन, पाटीवर लिहून दाखवेन आणि मग पाणबुडी.

कुडाळच्या बाई

माफी कसली मागता! लंडनच्या त्या दृश्याचा मी कधी असा विचारच केला नव्हता. शाळा सुरू आहे, या शनिवारी मोठ्या मुलांना पहिला भाग लावते. फक्त सुरुवातीच्या मुखवट्याचं आधी सांगून ठेवीन.

डोन्लोचा चेहरा २९ वर्षांत पुष्कळ बदललाय. आठवा लावण्याआधी पहिल्या भागातला त्याचा एक शॉट थांबवून बाबांना पुन्हा दाखवा, म्हणजे ते त्याला स्वतः ओळखतील. तुम्ही सांगू नका.

सर्जेकोटवाला

बरं झालं सांगितलंत. सुरी बघून तो थिजतो तिथे थांबवून ठेवलाय. जेवणं उरकलीत, काका आलेत, पाऊस थोडा उघडलाय. बाबांनी जाळं आज पडवीतच ठेवलंय. लावतो.